तंत्रगप्पा : छोट्या डबीतला मोठा करारनामा



मागच्या अंकात क्यूआर कोडच्या फसवणुकीबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले, दोघांनी तर स्वतः कसे फसलो ते सविस्तर सांगितलं. ते पुन्हा केव्हातरी. ह्या वेळचा विषय मी निवडलेला नाही. रविवारी सकाळी, चहाचं आधण गॅसवर असताना, माझा भाचा तो हातात घेऊन आला. अक्षरशः हातात. एटीएम कार्डाएवढी एक हिरवी पट्टी, तिला चार वायरी, आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले.

हा मुलगा उधन्याच्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मेकॅनिक आहे. सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आपल्याकडे कारखान्याला 'खातं' म्हणतात, त्याचा बँकेशी संबंध नाही. तिथे जॉबवर्कचा हिशेब टाक्यांवर असतो, दर हजार टाक्यांना इतके पैसे. कारीगराचा बोनसही टाक्यांवरच. पाळी संपली की मशीनवरचा आकडा डायरीत लिहायचा, आणि दिवाळीच्या तोंडावर त्या डायरीवरून भांडायचं, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. 'माझे दोन लाख टाके कुठे गेले?' हे वाक्य त्या खात्यात दर महिन्याला ऐकू येतं.

पोराने यावर तोड काढली. एम्ब्रॉयडरी मशीनचा मुख्य शाफ्ट एकदा फिरला की एक टाका पडतो. त्याने शाफ्टला एक छोटं लोहचुंबक चिकटवलं, समोर एक सेन्सर बसवला, आणि सेन्सरचे ठोके मोजायला शंभर-दोनशे रुपयांत मिळणारं अर्डुइनोसारखं बोर्ड लावलं. मिनिटाला 700-800 ठोके. बारा मशीनचे आकडे मधल्या एका रास्पबेरी पायमध्ये गोळा होतात आणि भिंतीवरच्या टीव्हीवर दिसतात. मशीन किती वेळ बंद होतं, धागा किती वेळा तुटला, कोणत्या पाळीत कोण होतं, सगळं. कारीगरांची नावं देवनागरीत, कारण निम्मे खानदेशातले आणि निम्मे उत्तरेकडचे. डायरी गेली, भांडणंही बरीच कमी झाली.

शेठ खूश. शेजारच्या खात्यांतले शेठ बघून गेले. पंचवीस डब्यांची मागणी तोंडी ठरली. आणि पांडेसऱ्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसाने एकच प्रश्न विचारला : "ह्याच्यातल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कुठे आहे? बिलाबरोबर पाठवा."

"आत्या, हे सगळं ओपन सोर्स आहे. फुकट आहे. फुकटच्या वस्तूचं लायसन्स कसलं मागतो तो?"

मी गॅस बंद केला. सत्तावीस वर्षं मुलांना कॉम्प्युटर शिकवला, आणि घरातच हा अंधार! म्हटलं, "बस इथे. आज डबी उघडूया."

आधी कायद्याचं थोडं. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. तेव्हा संगणक कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. 1984 च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम त्यात आला, आणि आला तो 'साहित्यकृती' ह्या सदरात. म्हणजे कायद्याच्या नजरेत कथा, कविता आणि टाके मोजणारा प्रोग्राम एकाच पंगतीला. नोंदणी करावी लागत नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क निर्माण झाला, आणि तो लेखक हयात असेपर्यंत व त्यानंतर आणखी 60 वर्षं टिकतो. चोविशीतल्या ह्या पोराने रात्री दोन वाजता जांभया देत लिहिलेल्या ओळींवर त्याच्या नातवंडांचाही हक्क असेल. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला.

ह्याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवर कुणी प्रोग्राम ठेवला आणि त्याबरोबर परवान्याचा एक शब्दही लिहिला नाही, तर तो सगळ्यांसाठी मोकळा होत नाही. उलट सगळे हक्क त्याच्याकडेच राहतात. ओटीवर कुणी सायकल उभी केली म्हणजे ती घेऊन जायची परवानगी दिली असं होतं का? आपण ती बघू शकतो, फार तर 'छान आहे' म्हणू शकतो. परवाना म्हणजे मालकाने लिहून ठेवलेली चिठ्ठी : न्या, चालवा, पण अमुक करा. ओपन सोर्समध्ये हक्क सोडलेला नसतो. हक्क असतो म्हणूनच मालक अटी घालू शकतो. हिशेबनीस हीच चिठ्ठी मागत होता, आणि त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं.

मग आम्ही डबीतल्या वस्तूंची यादी केली. रास्पबेरी पायवर डेबियन ह्या लिनक्सवर आधारलेली यंत्रणा चालते, आणि डेबियनवाल्यांची शिस्त वाखाणण्यासारखी. प्रत्येक पॅकेजबरोबर 'कॉपीराइट' नावाची एक फाइल येते. यूएसआरमधल्या शेअरमधल्या डॉक ह्या फोल्डरात त्या सगळ्या रांगेने ठेवलेल्या असतात. पोरगा तीन वर्षं ह्या यंत्रावर काम करतोय, त्या फोल्डरात कधी गेला नव्हता. तुम्ही-मी तरी मोबाइलमधला 'आय अॅग्री' वाचून कुठे दाबतो म्हणा.

यादीत सगळ्यात खाली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. त्याचा परवाना जीपीएल, दुसरी आवृत्ती, 1991 सालची. लिनस तोरवाल्ड्सने त्याच वर्षी लिनक्स पहिल्यांदा बाहेर सोडलं तेव्हा त्याने स्वतःच एक अट लिहिली होती, की वाटताना पैसे घ्यायचे नाहीत. पण फ्लॉपी कॉपी करून पाठवणाऱ्यालाही चार पैसे खर्च येतोच. 1992 मध्ये त्याने ती अट काढली आणि रिचर्ड स्टॉलमनच्या मंडळींनी लिहिलेला जीपीएल परवाना घेतला. म्हणजे पैसे घेण्यावरची बंदी लिनक्सने स्वतःच उठवली, तीही तीस वर्षांपूर्वी. तरी 'ओपन सोर्स म्हणजे विकायचं नाही' हे आपल्याकडे ठाम डोक्यात बसलंय. खुशाल विका.

मग जीपीएलची अट काय? मी त्याला विरजणाचं उदाहरण दिलं. शेजारणीकडून विरजण आणलं, आपल्या दुधाला लावलं, दही झालं. दही घरात खाल्लं तर कुणाला काही सांगायचं नाही. विकलं तरी चालेल. पण ज्याला दही दिलं त्याने विरजण मागितलं तर नाही म्हणता येणार नाही, आणि त्यानेही पुढे कुणाला नाही म्हणायचं नाही. संगणकाच्या भाषेत विरजण म्हणजे सोर्स कोड, माणसाला वाचता-बदलता येईल असा मूळ मजकूर. डबी विकली तर तिच्यातल्या जीपीएल भागांचा सोर्स बरोबर द्यायचा, किंवा किमान तीन वर्षं मागणाऱ्याला देऊ असं लेखी द्यायचं. हे सगळ्या जगाला द्यायला हवं असं नाही. गावभर दवंडी पिटायची गरज नाही, अट वाटपाशी बांधलेली आहे.

"पण मग माझा पण कोड द्यावा लागेल?" हा खरा प्रश्न. उत्तर एका शब्दात नाही. त्याचा टाके मोजणारा प्रोग्राम कर्नलवर नुसता चालतो, कर्नलचा भाग नाही, तेव्हा त्या कारणाने देणं नाही. तो पायथॉनमध्ये लिहिलाय, पायथॉनचा परवाना उदार. टाक्यांच्या डिझाइनची फाइल वाचणारी लायब्ररी त्याने घेतली होती, ती एमआयटी परवान्याची. तिची अट एवढीच : मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर बरोबर ठेवा. पण डिझाइनचं चित्र टीव्हीवर दाखवायला त्याने इंक-स्टिच ह्या एम्ब्रॉयडरीच्या सॉफ्टवेअरमधले दोन तुकडे उचलून आपल्या प्रोग्राममध्ये चिकटवले होते. इंक-स्टिच जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. झालं! विरजण दुधात पडलं. आता तो प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा तर सगळाच जीपीएलखाली द्यायचा, नाहीतर ते दोन तुकडे काढायचे.

बोर्डाचीही एक गंमत. टाके मोजणारं स्वस्त बोर्ड 'डुप्लिकेट' आहे अशी त्याला धास्ती होती. अर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावात जन्मलं, विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून. त्याचे नकाशे मुळातच मोकळे ठेवलेले आहेत. तसं बोर्ड दुसऱ्याने बनवलं तर ते चोरी नाही. मात्र 'अर्डुइनो' हे नाव त्यावर छापलं तर ती चोरी, कारण नाव हा ट्रेडमार्क आहे. आराखडा मोकळा, नाव बांधलेलं. पोराचं बोर्ड बिननावाचं निघालं, म्हणजे साफ. रास्पबेरी पायचं थोडं वेगळं आहे. 29 फेब्रुवारी 2012 ला हा 35 डॉलरचा संगणक आला तेव्हापासून सगळे त्याला सरसकट 'ओपन' म्हणतात, पण तो सुरू होताना चालणारं फर्मवेअर बंद आहे, आणि त्याच्या परवान्यात लिहिलंय की ते फक्त रास्पबेरी पायसाठीच वापरायचं. उद्या शेठ म्हणाले, 'दुसरं स्वस्त बोर्ड लाव, कार्ड हेच कॉपी कर', तर ते जमणार नाही. यंत्रही नाही म्हणेल आणि कागदही.

आता तुम्ही म्हणाल, उधन्याच्या एका खोलीतल्या डबीसाठी कोण कोर्टात जातंय? मलाही आधी असंच वाटायचं. पण तुमच्या घरातला वायफायचा राउटर बघा. तोही छोटा संगणकच. लिंक्सिस कंपनीचा एक निळा-काळा राउटर विसेक वर्षांपूर्वी फार चालायचा, डब्ल्यूआरटी 54 जी नावाचा. 2003 मध्ये काही हौशी लोकांना कळलं की त्याच्या आत लिनक्स आहे आणि कंपनीने सोर्स दिलेला नाही. ओरड झाली, सिस्को कंपनीने नुकतीच लिंक्सिस विकत घेतली होती, आणि त्याच वर्षी कोड बाहेर आला. त्या कोडमधून पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज कितीतरी राउटरांत चालतं. कंपनीने टाकून दिलेलं जुनं यंत्र लोक त्यावर अजून चालवतात. तक्रारी तरी थांबल्या नाहीत, डिसेंबर 2008 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला आणि 2009 मध्ये समझोता झाला.

दुसरी गोष्ट मला ह्याहून आवडते, कारण ती खेळण्यातल्या आगगाडीची आहे. अमेरिकेत बर्कलीचे एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, रॉबर्ट जेकबसन, यांना छोट्या आगगाड्या चालवायचा नाद. त्यांनी मित्रांबरोबर त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट दिलं. अट एवढीच की नाव ठेवा आणि काय बदललं ते लिहा. दुसऱ्या एकाने त्यातल्या फाइली नावं गाळून आपल्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये घातल्या. खालच्या कोर्टाला वाटलं, हा तर कराराचा किरकोळ भंग. ऑगस्ट 2008 मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की ही अट मोडणं म्हणजे कॉपीराइटचाच भंग, फुकट दिलं म्हणून हक्क हलका होत नाही. हा निकाल काही आपल्या कोर्टांना बांधील नाही. पण परदेशी माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेबनीस लायसन्स का मागतो, हे त्यावरून कळतं.

छोट्या संगणकांच्या जन्मापासून हा वाद आहे. 1976 च्या फेब्रुवारीत विशीतल्या बिल गेट्सने हौशी लोकांना उघडं पत्र लिहिलं होतं, की आम्ही केलेलं बेसिक तुम्ही पैसे न देता कॉपी करता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण? त्याच वर्षी लि-चेन वांग नावाच्या एका गृहस्थाने आपलं टायनी बेसिक सर्वांना वाटलं आणि 'कॉपीराइट'च्या जागी थट्टेने 'कॉपीलेफ्ट' लिहिलं. पन्नास वर्षं झाली, दोन्ही पक्ष अजून बोलताहेत. मला विचाराल तर गेट्सचा प्रश्न खोटा नव्हता. उत्तर मात्र त्याला वाटलं त्याहून वेगळं निघालं.

पुन्हा आपल्या डबीकडे. टीव्हीवर 'ज्ञानेश्वर' हे नाव नीट जोडाक्षरांसह दिसत होतं. मी विचारलं, हा फॉन्ट कुठला? "तो असाच होता आत," पोरगा म्हणाला. 'असाच होता' यामागे आपल्या पुण्याची एक कथा आहे, आणि ती जरा सावकाश सांगते.

ज्यांनी मंडळाच्या जुन्या स्मरणिका केल्यात त्यांना आठवेल. युनिकोडच्या आधी मराठी टाइप करायला प्रत्येक कंपनीचा वेगळा फॉन्ट, वेगळा कीबोर्ड, आणि मागे लावायचं डोंगल. ते डोंगल हरवलं की दुकान बंद. बरेच जण मग बिनडोंगलचं, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर चालवायचे. त्या काळातल्या आपल्या स्मरणिकेची एक सीडी माझ्या कपाटात आहे. आज उघडली तर अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर आपला, पण तो वाचायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तो खिसाही आता सापडत नाही.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं श्रीलिपी हे नाव डीटीपीवाल्यांना पाठ असेल. ह्याच कंपनीचे काही भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट ह्या लिनक्स कंपनीने जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी मोकळे केले. नाव ठेवलं 'लोहित', म्हणजे लाल. रेड हॅटचा लाल. त्यामुळे लिनक्सवर मराठी, गुजराती, हिंदी अक्षरं चौकोनी डबे न होता दिसायला लागली, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं.

पण जीपीएल हा परवाना प्रोग्रामसाठी लिहिलेला. फॉन्टला तो लावला की एक विचित्र पेच येतो. पीडीएफ केली की फॉन्टचे तुकडे त्या पीडीएफमध्ये जाऊन बसतात. मग ते दस्तऐवजही जीपीएलखाली आले का? माझ्या मुलीची लग्नपत्रिका लोहितमध्ये केली, तर ती कुणीही बदलून पुन्हा वाटायची? हसू नका, वकील अशाच गोष्टींवर जगतात. सप्टेंबर 2011 मध्ये लोहितचा परवाना बदलला आणि तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. ह्या परवान्यात स्पष्ट म्हटलंय की फॉन्ट वापरून केलेल्या लिखाणावर आमचा काही दावा नाही. फॉन्ट कुठल्याही यंत्राबरोबर, सॉफ्टवेअरबरोबर विका. फक्त नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही, आणि परवान्याचा मजकूर बरोबर ठेवायचा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू हे देखणे फॉन्टही ह्याच परवान्याखाली आहेत. मंडळाच्या फलकांना चोरीचे फॉन्ट लावण्याची आता काहीच गरज उरलेली नाही, हे कार्यकारिणीने कृपया नोंदवून घ्यावं.

तेव्हा पोराची 'ज्ञानेश्वर' ही पाटी पूर्ण कायदेशीर. फक्त परवान्याची ती एक फाइल डबीत राहू द्यायची. कार्डावर जागा कमी म्हणून त्याने सगळ्या 'निरुपयोगी टेक्स्ट फायली' उडवल्या होत्या. त्यात हीच होती.

आणखी एक आठवण ह्या निमित्ताने. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ह्या योजनेतली हिरवी-पांढरी यंत्रं आली होती. एक्सओ त्यांचं नाव. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 256 एमबी मेमरी, म्हणजे आजच्या रास्पबेरी पायहून कितीतरी दुबळी. पण त्यांच्या कीबोर्डवर एक बटण होतं, जे दाबलं की समोर चालणाऱ्या गोष्टीचा सोर्स दिसावा अशी कल्पना होती. धनगरवाड्यातल्या किती मुलांनी त्या बटणाचा उपयोग केला, हा प्रश्न बाजूला ठेवू. योजनेवर टीकाही पुष्कळ झाली, आणि त्यातली बरीच रास्त होती. तरी ते बटण मला पटतं. आमच्या खात्यातली डबी कारीगराचा पगार ठरवते. उद्या एखादा म्हणाला की माझे टाके कमी मोजलेत, तर ती मोजते कशी हे कुणालातरी उघडून बघता यायला हवं. शेठला नको असेल. मला हवंय.

आता राहिलं सगळ्यात नाजूक. पोराच्या कोडचा मालक कोण? नोकरीत, नोकरीचं काम म्हणून लिहिलेलं असेल तर कायद्याच्या 17 व्या कलमाने मालक शेठ, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण हा नोकरीला लागलाय मेकॅनिक म्हणून. प्रोग्राम लिहिला घरी, रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर. बोर्डाचे पैसे मात्र शेठनी दिले. नेमणुकीचं पत्र नाही, कारण सुरतेत कुणाला असतं? दोन्हीकडे बोलायला जागा. मी म्हटलं, भांडण व्हायच्या आधी कागद करा. आणि कागद करताना मुदत लिहा, कारण हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो.

पुढच्या रविवारी शेठ स्वतः आले, घारीचा डबा घेऊन. माणूस सज्जन. बसल्या बसल्या म्हणाले, "बेन, मफत एटले मफत ने?" मी जमेल तशा गुजरातीत सगळं सांगितलं. त्यांची अडचण खरी होती. "सोर्स दिला तर उद्या समोरचा दुसऱ्या पोराकडून पंचवीस डब्या करून घेईल. मग मी काय विकलं?" ह्यावर माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. करून घेईलही. डिझाइनच्या बाबतीत तुम्ही हेच रोज भोगता, मी म्हटलं. पेन ड्राइव्हवरून डिझाइन बाहेर जातं आणि आठ दिवसांत समोरच्या मार्केटमध्ये तीच साडी लटकते. तिथे तर कायदा आणखी कडक : डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि 50 हून जास्त नग निघाले, की कॉपीराइटही संपतो. तरी तुमचा धंदा चालतो तो तुम्ही वेळेवर माल देता म्हणून. डबीचंही तसंच. रात्री दोनला मशीन आकडा दाखवेना, तर सोर्स घेऊन गेलेला येणार नाही, हा पोरगा येईल. त्याचे पैसे लावा.

शेठनी मान हलवली, पण पटलं असं नाही. मग मी दुसरा विषय काढला, त्यांच्या डिझाइनच्या कॉम्प्युटरवरचं पंचिंगचं सॉफ्टवेअर कुठून आलं? ते खिडकीबाहेर बघायला लागले. चोरीची प्रत आहे हे माहीत असून धंद्यात वापरली तर 63 ब कलमाखाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे, हे ऐकल्यावर घारीचा तुकडा हातातच राहिला. म्हटलं, ज्या इंक-स्टिचच्या दोन तुकड्यांवरून हा सगळा घोळ झालाय, ते आख्खं सॉफ्टवेअर तुम्हाला कायदेशीर वापरता येईल. मोठ्या कामाला कदाचित कमी पडेल, बघा करून.

शेवटी ठरलं ते असं. इंक-स्टिचचे तुकडे पोराने काढले नाहीत. प्रोग्रामचा चित्र दाखवणारा भाग त्याने वेगळा करून, स्वतंत्र चालणारा प्रोग्राम म्हणून जीपीएलखाली ठेवला, मोजणारा भाग आपल्याकडे राखला. टीव्हीवरचं आकड्यांचं पान त्याने जिथून घेतलं होतं तिथे परवानाच नव्हता. लेखकाला विनंती लिहिली, तीन आठवडे वाट पाहिली, उत्तर आलं नाही. मग दोन रात्री बसून पान नव्याने लिहिलं. पहिल्याइतकं सुंदर नाही, पण त्याचं आहे. मोजणाऱ्या भागाचा कोड कारीगरांना बघू द्यायचा की नाही, ह्यावर शेठ अजून 'जोईशुं' म्हणताहेत. कागद झाला : मालकी पोराची, सात वर्षं फक्त शेठनी विकायचं, दर डबीमागे पोराला रक्कम. पंचवीसची मागणी दहावर आली. बाकीच्या पंधरा जणांना लायसन्सच्या कागदाचीच भीती वाटली.

प्रत्येक डबीबरोबर द्यायची ती 'सोर्स मागा, तीन वर्षांत देऊ' ही चिठ्ठी मराठी, हिंदी आणि गुजराती अशी तीन भाषांत मीच लिहून दिली. गुजराती मसुद्यात शेठच्या पत्नीने सात चुका काढल्या. मराठीतल्या अजून कुणी काढलेल्या नाहीत, पण अंक हातात पडल्यावर जोशीकाकूंसारखे वाचक आहेतच.